शाई धरत नाही

तुमच्या फोनचा चार्जर हातात घ्या आणि त्याच्या पोटावरची बारीक अक्षरं बघा. इनपुट, आउटपुट, कचराकुंडीवर फुली मारलेलं ते चित्र, कुठे बनला ते. आता नखाने घासा. अक्षरं निघायला लागली तर ती शाईची. निघाली नाहीत, बोट फिरवल्यावर शाईचा थरही लागला नाही आणि पांढऱ्या प्लास्टिकवर ती काळीकुट्ट नसून जराशी राखाडी दिसली, तर ती बहुतेक लेझरची. तिथे कोणी काही लावलेलं नाही. प्लास्टिकनेच आपला रंग बदललाय.

चार वर्षं मी हेच काम करतेय, त्यामुळे आता कुणाच्याही घरी गेले तरी आधी रिमोट, स्विचबोर्ड आणि मिक्सरची बटणं उलटीपालटी करून बघते. आई म्हणते, पोरीला स्थळ बघायला नेलं तर ही त्यांच्या टीव्हीचा रिमोट बघत बसेल.

अंबड एमआयडीसीत माझ्या मामाचा एक गाळा आहे. मोल्डिंगवाले प्लास्टिकचे पार्ट खोक्यांत भरून पाठवतात, आम्ही त्यांवर नाव, नंबर, बाण, ऑन-ऑफ अशा खुणा टाकतो आणि चलन करून परत पाठवतो. जॉबवर्क. नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं, वाईन, कुंभमेळा आणि मिसळ आठवते. आमच्याकडून बघितलं तर शहर वेगळंच दिसतं: गाड्यांचे पार्ट, इंजेक्टर, स्विचगियर, आणि मोठ्या कारखान्यांच्या आजूबाजूला आमच्यासारखे असंख्य गाळे, जे कुणाच्या तरी पार्टवर एखादंच काम करतात. कुणी फक्त भोक पाडतो, कुणी फक्त पॉलिश करतो, आम्ही फक्त नाव टाकतो. नाव टाकण्यावरून आठवलं, सातपूरला मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं, पण चौक अजून मायको सर्कलच आहे. परमनंट मार्किंग म्हणतात ते हे.

मी आले तेव्हा गाळ्यात लेझर नव्हता. दोन पॅड प्रिंटिंगची मशिनं होती आणि त्यांवर दोन बायका. त्यांतल्या एकीला सगळे ताई म्हणतात, मीही. बारा वर्षं एकाच मशिनवर. पॅड प्रिंटिंग पाहिलं नसेल तर थोडक्यात सांगते. स्टीलच्या पट्टीवर अक्षरं अगदी उथळ कोरलेली असतात. त्या खोलगटांत शाई भरतात, वरची शाई पात्याने पुसून घेतात, मग सिलिकॉनचा एक मऊ गोळा येऊन पट्टीवर टेकतो, शाई उचलतो आणि पार्टवर टेकवतो. गोळा मऊ असल्यामुळे वाकड्या, गोल, खोलगट पार्टवरही नीट छापता येतं. शाई किती पातळ हवी, पावसाळ्यात थिनर किती घालायचं, गोळा कधी बदलायचा, हे सगळं ताईंच्या हातात. माझा प्लास्टिक टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा त्यांच्यासमोर पहिले सहा महिने नुसता खिशात होता.

पहिल्याच आठवड्यात पॉलिप्रॉपिलीनची झाकणं आली. डब्यांची असतात तशी, साधी पांढरी. ताईंनी एक झाकण उचललं, बाटलीच्या टोपणातून त्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि मला दाखवला. थेंब गोल, मोत्यासारखा, झाकण जरा कललं की घसरून जाणारा.

"हे शाई धरत नाही," त्या म्हणाल्या. "याला आधी जाळ दाखवावा लागतो."

आपण अळवावरचं पाणी म्हणतो ते क्षणभंगुर गोष्टींना. मला आता तो वाक्प्रचार ऐकला की पॉलिप्रॉपिलीनच आठवतं. प्रत्येक पृष्ठभागाला दुसऱ्या पदार्थाला धरून ठेवण्याची कमी-जास्त ओढ असते, तिला पृष्ठभागाची ऊर्जा म्हणतात. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ फार, मोजमापात सुमारे ७२. पॉलिप्रॉपिलीनची तिशीच्या आसपास. म्हणजे पाण्याला झाकणापेक्षा स्वतःचीच सोबत जास्त आवडते, ते आपलं अंग चोरून गोल होतं. शाईचंही तसंच. छपाईवाल्यांचा ढोबळ नियम असा की पृष्ठभाग ३८ च्या पुढे गेला की शाई बसायला लागते. हे तपासायला विशिष्ट शाई भरलेली पेनं मिळतात, डाइन पेन म्हणतात त्यांना. रेघ सलग राहिली तर पास, तुटून थेंब झाले तर नापास. ताईंना ते पेन लागत नाही. पाण्याचा थेंब पुरतो.

जाळ दाखवायचा म्हणजे बर्नरच्या निळ्या ज्योतीखालून झाकण झरकन न्यायचं, वितळायच्या आत. त्या क्षणात वरच्या अगदी पातळ थरातल्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि हवेतला ऑक्सिजन त्या तुटक्या टोकांना येऊन चिकटतो. ऑक्सिजन बसला की पाण्याला आणि शाईला धरायला काहीतरी मिळतं. जाळ दाखवलेल्या झाकणावर तोच थेंब पसरून सपाट होतो. बघायला ही जादू मोठी गोड आहे, मी पहिल्या दिवशी वीस-पंचवीस झाकणं उगाच जाळाखालून नेली.

ताईंचा एक नियम होता: आज जाळ, आजच छपाई. उरलेली झाकणं दुसऱ्या दिवसावर टाकायची नाहीत, टाकली तर पुन्हा जाळ. कारण विचारलं तर म्हणाल्या, "शिळं होतं." पुस्तकात याला मोठं नाव आहे. साखळ्या जागच्या जागी हलत राहतात, ऑक्सिजन लागलेली टोकं हळूहळू आत वळतात, आतली जुनी बाजू वर येते, बराच वेळ एका कुशीवर निजल्यावर माणूस कूस बदलतो तसं. काही प्लास्टिकांत याला आठवडे लागतात, काहींत दिवस. प्लास्टिक पुन्हा अळू होतं. "शिळं होतं" हा शब्द मला पुस्तकातल्या शब्दापेक्षा अजूनही बरा वाटतो.

मग ग्राहकांच्या मागण्या बदलल्या. आधी नाव आणि नंबर पुरायचा. आता प्रत्येक पीसवर वेगळा क्यूआर कोड हवा, म्हणजे पुढे कधी पार्ट बिघडला तर तो कुठल्या दिवशी, कुठल्या साच्यातून निघाला ते स्कॅन करून कळावं. पॅड प्रिंटिंगमध्ये पट्टी एकदा कोरली की दिवसभर तेच छापत राहते, प्रत्येक पीसला नवा कोड देणं तिला जमतच नाही. शिवाय टेप टेस्ट: चिकटपट्टी लावायची आणि झटक्यात ओढायची. नंतर अल्कोहोलने घासायचं. एखाद्या लॉटमध्ये चार पीस नापास झाले की सगळा माल परत. मामाने कर्ज काढून लेझर घेतला. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला.

लेझर घ्यायचा म्हणजे कुठला, यावर आमच्या घरी दोन महिने जेवताना चर्चा झाली. त्या निमित्ताने मी जे वाचलं त्यातली एक गोष्ट सगळ्यांना सांगत सुटले होते, ती इथेही सांगते. प्लास्टिक, लाकूड, चामडं, कापड, ॲक्रिलिक हे सगळं कापायला जगभर जो लेझर वापरतात, तो कार्बन डायऑक्साइड लेझर, बनवणारा माणूस बारामतीत जन्मलेला. सी. कुमार एन. पटेल, जन्म १९३८. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, १९५८ मध्ये बी.ई., मग स्टॅनफर्डला पीएच.डी., मग अमेरिकेतल्या बेल लॅब्ज. पहिला लेझर १९६० मध्ये मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला होता. त्यानंतर चारच वर्षांत पंचविशी-सव्विशीतल्या पटेलांनी साध्या कार्बन डायऑक्साइडमधून प्रकाश काढून दाखवला, आणि मग नायट्रोजन मिसळून त्याची ताकद वाढवली. लग्नपत्रिकेवरची नाजूक जाळी, गिफ्टच्या दुकानातली ॲक्रिलिकची नावाची पाटी, मोबाइल कव्हरवरचं कोरलेलं नाव, यांतलं पुष्कळसं त्या लेझरचं काम असतं. बारामती म्हटलं की आपल्याकडे लगेच दुसराच विषय निघतो, त्यामुळे हे राहून जातं.

पटेलांचा लेझर प्लास्टिकवर काय करतो, तर तापवतो. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, डोळ्यांना न दिसणारी उष्णता. जवळजवळ प्रत्येक प्लास्टिक ती शोषून घेतं. शोषलं की वितळतं, उकळतं, वाफ होऊन उडतं. स्वयंपाकघरात हे सगळं आपण रोज बघतो. गडद प्लास्टिक जरा तापलं की आतल्या आत वायूचे बुडबुडे होतात आणि तेवढा भाग फुगून फिकट दिसतो, पापड भाजताना येतात त्या फोडांसारखा. काळ्या पार्टवरची पांढरट अक्षरं बऱ्याचदा अशीच असतात. पॉलिकार्बोनेटसारखं प्लास्टिक जास्त तापलं की करपतं, मागे कार्बन उरतो, भाकरीवरच्या काळ्या डागांसारखा. पुष्कळ देशांच्या ओळखपत्रांवरचा काळा-पांढरा फोटो शाईचा नसून हा असा करपवलेला असतो, म्हणून तो खरवडून बदलता येत नाही. आणि एकीकडे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या मंडळींनी पॉलिइमाइड नावाच्या पिवळ्या प्लास्टिकच्या फितीवर हाच लेझर फिरवला, तर करपलेल्या भागात चक्क ग्राफीन निघालं, वीज वाहून नेणारं. करपणंही वाया जात नाही म्हणायचं.

दुसरी वाट तापवण्याची नाही, तोडण्याची. तिच्यातही आपलाच एक माणूस आहे. मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन, न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत. त्यांच्याकडे एक्सायमर लेझर होता, १९३ नॅनोमीटरचा, खोल अतिनील. प्रकाश असा की त्याच्या एकेका कणात ६.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा. प्लास्टिकच्या साखळीतला कार्बन-कार्बनचा बंध तोडायला सुमारे ३.६ पुरतात. पटेलांच्या लेझरच्या एका कणात ०.१२ असतात. म्हणजे एक जण दारावर धक्के मारून मारून दार तापवतो, दुसऱ्याकडे सरळ किल्ली आहे. १९८२ मध्ये श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकारी मेन-बँटन यांनी पीईटीच्या फिल्मवर, म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक, हा लेझर सोडून दाखवला. प्रत्येक ठोक्याला मायक्रॉनपेक्षाही पातळ थर निघून जात होता, कडा स्वच्छ, आजूबाजूला जळल्याची खूण नाही. तुकडे इतक्या झटपट उडून जातात की उष्णतेला शेजारी पोचायला वेळच मिळत नाही.

त्याच्या थोडं आधी, नोव्हेंबर १९८१ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा श्रीनिवासन प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्यावर हाच लेझर मारून बघितला. मांसावरही तशीच स्वच्छ चीर. प्रथिनंही शेवटी साखळ्याच, पॉलिमरच. तिथून सॅम्युअल ब्लम आणि जेम्स वाइन या सहकाऱ्यांबरोबर विचार पुढे गेला आणि डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा तासून चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन त्याच वाटेवर उभं राहिलं. या तिघांना ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळालं ते २०१३ मध्ये. तुमच्यापैकी कुणी लॅसिक करून घेतलं असेल, तर तुमच्या बुबुळावर जे झालं ते आधी पीईटीच्या फिल्मवर झालंय.

एक्सायमर आमच्या गाळ्याच्या आवाक्यातला नाही. मामाने घेतला तो ३५५ नॅनोमीटरचा, छोटा यूव्ही. त्याच्या कणात ३.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बंध तोडायला लागतात ३.६. बघा, अगदी काठावर. थोडं तोडतो, थोडं तापवतो. बाजारात फायबर लेझर स्वस्त होता, पण त्याचा १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश पांढऱ्या प्लास्टिकवर फार काही करत नाही, प्लास्टिकमध्ये मुद्दाम खास पावडर मिसळलेली असावी लागते. आमचे ग्राहक स्विचगियरचे, त्यांचे पार्ट पांढरे आणि राखाडी. पांढरेपणा येतो टायटॅनियम डायऑक्साइडने, जो भिंतीच्या रंगात आणि सनस्क्रीनमध्येही असतो. त्याला यूव्ही लागला की तो गडद राखाडी होतो. शाई नाही, जाळ नाही, थिनर नाही. चार्जरवरची अक्षरं ती ही.

मशिन बसवलं त्या दिवशी पेढे वाटले. ताईंनी पेढा घेतला, लेझरचे दहा-बारा पीस बघितले, एकावर टेप लावून झटक्यात ओढली. काही निघालं नाही. अल्कोहोलने घासलं. काही निघालं नाही. मग पीस खाली ठेवून मला म्हणाल्या, "मग मी काय करायचं?"

मामा म्हणाला, तुम्हाला लेझर शिकवू. पण लेझरवर एकच माणूस लागतो, आणि ती मी होते. दुसरी बाई त्या जानेवारीत दिंडोरीकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसला कामाला लागली. तिथे हंगाम तीन-चार महिन्यांचा, पुढचं पुढे. एक पॅड मशिन विकलं. दुसऱ्यासाठी सिन्नरचा एक गिऱ्हाईक येऊन बघून गेला.

हे लिहिताना मला आजोळचं घर आठवतं, कारण आमच्याकडे नाव टाकणं जुनंच आहे. मामाचे वडील भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं टाकायचे. छोटी छिन्नी, छोटी हातोडी, ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर. आजीच्या फडताळात अजून अशी भांडी आहेत, 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेली, दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाची, मोडीत आलेली. पुढे बाजारात विजेची कोरणी आली आणि आजोबांचं अक्षर कितीही वळणदार असलं तरी लोक दोन मिनिटं थांबायला तयार नव्हते. मामा या विषयावर फार बोलत नाही. पण दुसरं मशिन विकायचं तो पुढे ढकलत होता, ते मी बघत होते.

मला वाटत होतं की लेझरनेच ताईंचं काम वाचवता येईल. पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणांवर रंगीत छपाई तरी लागतेच, लेझर काही लाल-निळं छापत नाही. मग जाळाऐवजी लेझरने झाकण तयार करून द्यावं, म्हणजे ते शिळं व्हायला वेळ लागेल, असा माझा हिशेब. रविवारी मी एकटी जाऊन झाकणांवर छोटे चौकोन काढत बसायचे, कमी ताकदीचे, दाट रेघांचे, विरळ रेघांचे. प्रत्येकावर थेंब.

काही चौकोनांवर थेंब पसरला. काहींवर आधीपेक्षा जास्त गोल झाला. एकच मशिन, एकच झाकण. पहिल्यांदा मला वाटलं थेंबाच्या पाण्यातच काही आहे.

हा गुंता सुटला तो पुन्हा अळवामुळे. अळूच्या पानावर नुसतं मेण नसतं, सूक्ष्म उंचवटेही असतात. पाणी त्या टोकांवर टेकतं, मधल्या फटींत हवा अडकून राहते, म्हणून ते पारासारखं पळतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानावरून हे मांडलं आणि जगात त्याचं नाव 'लोटस इफेक्ट' पडलं. श्रावणात आपल्याकडे आले असते तर ते अळूच झालं असतं. त्याच्याही खूप आधी, १९३६ मध्ये, वेन्झेल या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की पृष्ठभाग खडबडीत केला की त्याचा मूळ स्वभाव वाढतो: पाणी धरणारा असेल तर आणखी धरतो, टाळणारा असेल तर आणखी टाळतो. लेझर एकाच वेळी दोन्ही कामं करत होता. साखळ्या तोडून ऑक्सिजन बसवत होता, आणि पृष्ठभाग खरवडतही होता. जिथे ऑक्सिजन जिंकला तिथे थेंब पसरला. जिथे नुसतं खरवडलं गेलं तिथे झाकण आणखी अळू झालं. ताकद, वेग, रेघांतलं अंतर, यांच्यावर सगळं अवलंबून.

पसरलेल्या चौकोनांवर ताईंनी शाई छापली आणि ती टेप टेस्टला टिकली, खरवडलेल्या खाचांत शाईला पाय रोवायलाही जागा मिळते. पण एका झाकणाला लेझरला जेवढा वेळ लागत होता तेवढ्यात जाळाखालून पन्नास झाकणं गेली असती. मामाने मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मला दाखवलं. हाडात बसवायच्या पीईईके प्लास्टिकच्या तुकड्यावर पेशींनी धरावं म्हणून, किंवा विमानाचे कार्बन फायबरचे भाग चिकटवण्याआधी, असा लेझर फिरवण्यावर जगभर काम चाललंय, आणि तिथे तो वेळ परवडतो. डब्याच्या झाकणाला नाही. पैशाच्या कामात मामाचं स्टॉपवॉच माझ्या डिप्लोमापेक्षा बरोबर असतं.

मग जुलैमध्ये ती राखाडी कव्हरं आली.

नवीन ग्राहक, मोठा लॉट, दर महिन्याला पुन्हा येणार होता. लेझर मार्किंग हवं. चलनावर लिहिलं होतं एबीएस. मामा खूश, कारण त्या महिन्याचा हप्ता जमत नव्हता. मी एक कव्हर हातात घेतलं आणि ते मला जड वाटलं. एबीएस एवढं जड नसतं.

गाळ्यात प्लास्टिक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एका ग्लासात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकलं. अशा पाण्यात एबीएस तरंगतं. कव्हराचा तुकडा तळाला गेला. मग तांब्याची तार घेतली, गॅसवर लाल होईपर्यंत तापवली, प्लास्टिकला टेकवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. तांबं आणि क्लोरीन एकत्र आले की हा रंग दिसतो. आग न धरणाऱ्या काही एबीएसमध्ये ब्रोमीन असतं, तेही हिरवं दाखवतं, पण ते असं दगडासारखं बुडत नाही. मी ग्राहकाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "हो, पीव्हीसीच आहे. त्यात काय?"

त्यात काय, तर पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतं. लेझरने साखळी तोडली की ते हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतं. हवेतल्या दमटपणाला भेटलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड. नाकात, घशात, फुप्फुसांत. मशिनच्या रेल्वर, आरशांवर, बोर्डांवर. लेझर वापरणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी हेच सांगतात: पीव्हीसी नाही. आमच्या धूर ओढणाऱ्या डब्यातला साधा कोळशाचा फिल्टर याला पुरत नाही.

"अगं, वरवरचं तर मार्किंग आहे," मामा म्हणाला. "एका पीसला दोन सेकंद. त्यात किती निघणार?"

"एका पीसला काहीच नाही," मी म्हणाले. "पण मामा, तुम्ही दिवसाचे पीस मोजा. पावसात शटर अर्धं ओढलेलं असतं. आणि मशिनपाशी बसणारी मी आहे."

तो काही बोलला नाही. बाहेर जाऊन टपरीवर उभा राहिला. आठ-दहा मिनिटांनी परत आला तेव्हा ताईंनी एक कव्हर पुसून घेतलं होतं, त्यावर थेंब सोडला होता आणि थेंब बऱ्यापैकी पसरला होता. पीव्हीसीची पृष्ठभागाची ऊर्जा चाळिशीच्या आसपास असते. जाळ नको, काही नको. त्यांनी जुनीच एक पट्टी लावून त्यावर काळ्या शाईत छापलं, पंख्याखाली वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप ओढली. अक्षरं जागच्या जागी.

ग्राहकाशी दरावरून दोन दिवस घासाघीस झाली. त्याला क्यूआर कोड हवा होता, तो स्टिकरवर भागवायचं ठरलं. पॅड प्रिंटिंगचा दर लेझरपेक्षा कमी बसला, त्यामुळे त्या महिन्याचा हप्ता मामीच्या पोस्टातल्या पैशांतून गेला. मामी दोन दिवस माझ्याशी कमी बोलली. लॉट मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. रोज काम पुरेल एवढा नाही. ताई आठवड्यातले तीन दिवस छपाईवर असतात, तीन दिवस माझ्याकडे लेझरवर, फाइल लोड करायला आणि फोकस लावायला शिकल्यात. फोकस त्या माझ्यापेक्षा पटकन लावतात, आवाजावरून. सिन्नरच्या गिऱ्हाइकाला मामाने दिवाळीनंतर बघू असं सांगितलंय.

तांब्याची तार आता फ्यूजबॉक्सशेजारी खिळ्याला टांगलेली असते. नवीन माल उतरला की चलन वाचायच्या आधी ताई त्यातला एक पीस उचलतात, कोपरा खरवडतात आणि गॅसकडे जातात. ज्योत हिरवी झाली की मला हाक न मारता ते खोकं ओढत स्वतःच्या मशिनकडे नेतात.